संकुलांचे कार्बन उत्सर्जन आणि कपातीचा क्रम

महाविद्यालय, रुग्णालय, कारखाना, माहिती तंत्रज्ञान कंपनीचे आवार किंवा विमानतळ यांसारखे कोणतेही मोठे संकुल ऊर्जेच्या दृष्टीने स्वतंत्र वस्तीच असते. तिथे स्वतःचे रोहित्र आणि डिझेल जनित्र असते, पाणी चढवणारे पंप, खानावळ, वसतिगृह, वाहने आणि कायम चालू असलेली बांधकामे असतात, आणि या सर्वांवर निर्णय घेणारी एकच व्यवस्था असते. शहराच्या पातळीवर जे निर्णय डझनभर यंत्रणांत विखुरलेले असतात ते इथे एका इमारत समितीच्या किंवा विश्वस्त मंडळाच्या हाती असतात, आणि म्हणूनच कार्बन उत्सर्जन कमी करण्याचा प्रयत्न संकुलाच्या पातळीवर लवकर फळाला येऊ शकतो. प्रत्यक्षात मात्र अशा प्रयत्नांची सुरुवात बहुधा छतावरच्या सौर पॅनेलांपासून आणि वृक्षारोपणाच्या कार्यक्रमापासून होते आणि पुष्कळदा तिथेच थांबते. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु कोणता उपाय आधी करायचा, कोणता नंतर आणि कोणत्या वर्षी, हे ठरवल्याशिवाय केलेल्या चांगल्या गोष्टींतूनही अपेक्षेपेक्षा फार कमी हाती लागते.

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे उत्सर्जनाची मोजदाद. त्यासाठी जगभर वापरली जाणारी चौकट वॉशिंग्टनमधील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि शाश्वत विकासासाठी काम करणारी उद्योगांची जागतिक परिषद या दोन संस्थांनी २००१ मध्ये मांडली. तिच्यानुसार उत्सर्जनाचे तीन वर्ग पडतात, ज्यांना ‘स्कोप’ असे म्हटले जाते. संकुलाच्या आवारातच जळणारे इंधन आणि तिथूनच गळणारे वायू हा पहिला वर्ग. बाहेरून विकत घेतलेल्या विजेमुळे दूरच्या वीजकेंद्रात झालेले उत्सर्जन हा दुसरा. आणि खरेदी केलेला माल, बांधकाम साहित्य, कचरा, प्रवास, कर्मचारी व विद्यार्थी यांची ये-जा अशा अप्रत्यक्ष गोष्टींचा तिसरा. वेगवेगळ्या वायूंची तापमानवाढीची ताकद वेगवेगळी असल्याने सर्वांचे रूपांतर ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ या एकाच मापात केले जाते. म्हणजे एखाद्या वायूचा एक किलो शंभर वर्षांच्या काळात जेवढी उष्णता अडवतो, तेवढीच अडवण्यासाठी किती किलो कार्बन डायऑक्साइड लागेल, तो आकडा लिहिला जातो. ज्या वर्षाशी पुढच्या सर्व वर्षांची तुलना करायची ते आधारवर्षही याच वेळी निश्चित करावे लागते, आणि ते टाळेबंदीच्या काळासारखे अपवादात्मक वर्ष असून चालत नाही.

ही मोजदाद वाटते तितकी अवघड नाही, कारण तिची बहुतेक कागदपत्रे लेखा विभागात आधीपासूनच असतात. भारतातील वीजजाळ्यातून घेतलेल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी अद्ययावत करून प्रसिद्ध करते. एक लिटर डिझेल जाळल्यावर सुमारे २.७ किलो आणि घरगुती वापराचा १४.२ किलोचा एक गॅस सिलिंडर संपल्यावर सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महावितरणची बारा महिन्यांची बिले, जनित्राची नोंदवही आणि खानावळीच्या सिलिंडरांच्या पावत्या एकत्र केल्या की पहिल्या दोन वर्गांचा मोठा भाग कागदावर येतो.

सहसा सुटून जातो तो वातानुकूलन यंत्रांतील वायू. भारतातील असंख्य यंत्रांत अजूनही असलेल्या आर-४१०ए या शीतकाची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २,००० पटींहून अधिक आहे. त्यामुळे एक किलो शीतक गळले तर दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते, आणि तेवढे उत्सर्जन होण्यासाठी वीजजाळ्यातून जवळजवळ ३,००० युनिट वीज वापरावी लागेल. भिंतीवरच्या एका साध्या यंत्रात एक ते दीड किलो शीतक असते. यंत्र थंड करत नाही अशी तक्रार आली की तंत्रज्ञ येतो, गळती न शोधता ‘गॅस चार्जिंग’ करून जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार पुन्हा येते. बंद नळ्यांतून फिरणारा वायू यंत्रात वापरला जात नाही, तो कमी झाला असेल तर गळलेलाच असतो. त्यामुळे भरलेल्या वायूचे वजन म्हणजेच गळलेल्या वायूचे वजन हा साधा नियम धरून देखभालीच्या बिलांवर शीतकाचे नाव आणि किलो लिहून घेण्याची सक्ती केली, तर एक पैसाही खर्च न करता उत्सर्जनाचा एक दडलेला स्रोत उघडा पडतो. रुग्णालयांत हेच भुलीच्या वायूंच्या बाबतीत घडते. नायट्रस ऑक्साइडची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट, तर डेसफ्लुरेन या भूल देणाऱ्या द्रव्याची २,५०० पटींच्या आसपास आहे. स्कॉटलंडमधील सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी झाली तेव्हा मध्यवर्ती सिलिंडरांपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत नळीने जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडपैकी बराचसा रुग्णापर्यंत पोहोचतच नव्हता असे आढळले. आणि २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेने डेसफ्लुरेनचा वापर थांबवला. ज्या रुग्णालयाने केवळ वीज मोजली असती त्याला हा मार्ग कधी दिसलाच नसता.

वार्षिक बेरजेइतकेच महत्त्व विजेच्या दैनंदिन आलेखाला आहे. उच्चदाब ग्राहकांच्या मीटरमध्ये दर पंधरा मिनिटांची नोंद राहते, पण ती काढून पाहणारी संकुले थोडीच असतात. पहाटे तीन वाजता, वर्ग, कार्यालये आणि प्रयोगशाळा बंद असताना, आवार किती वीज ओढते हा आकडा नियोजनकाराने सर्वप्रथम पाहावा असा असतो, कारण त्यात कोणाच्याही उपयोगाला न येणारी वीज सर्वांत स्पष्ट दिसते : प्रयोगशाळांचे चालू राहिलेले शोषक पंखे, पाणी थंड करणारे कूलर, टाकी भरून वाहत असतानाही चालणारा पंप, संगणक कक्षातील वातानुकूलन आणि क्षमतेच्या मानाने फार थोडा भार असलेली, तरीही चोवीस तास ठरावीक वीज उष्णतेत घालवणारी रोहित्रे. इमारतनिहाय उपमीटर नसतील तर हा भार कुठला हे कळत नाही. म्हणून उपमीटर बसवणे हा खर्च पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात असायला हवा.

मोजदादीनंतरची पायरी मागणी कमी करण्याची. दिव्यांच्या बाबतीत हे काम एलईडीमुळे पुष्कळ ठिकाणी झालेले आहे; पंख्यांच्या बाबतीत ते बहुतेक बाकी आहे. जुना छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॉट घेतो, तर ‘बीएलडीसी’ या नावाने विकला जाणारा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरचा पंखा जवळपास तेवढाच वारा देऊन सुमारे ३० वॉट घेतो. १,००० पंखे असलेल्या महाविद्यालयात ते रोज १० तास आणि वर्षातून ३०० दिवस चालतात असे धरले, तर बचत १,३५,००० युनिटांची, म्हणजे ९० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडची होते. एवढी वीज निर्माण करण्यासाठी महाराष्ट्रातल्या उन्हात ९० किलोवॉटच्या वर क्षमतेचे सौर संयंत्र लागेल. वातानुकूलन यंत्रांचे तापमान एका अंशाने वर ठेवले तर वीज सुमारे ६ टक्के वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते, आणि त्याच विचारातून २०२० पासून नव्या खोली-वातानुकूलन यंत्रांवर २४ अंश हे मूळ तापमान ठेवण्याचा नियम झाला.

परंतु संकुलातील विजेचा सर्वांत मोठा वाटा जिथे थंडाव्यावर जातो, तिथे तापमानाचा आकडा बदलून भागत नाही. थंडावा निर्माण करण्याची पद्धतच तपासावी लागते. या बाबतीत इन्फोसिसच्या हैदराबाद येथील आवारात झालेला प्रयोग सर्वांनी अभ्यासावा असा आहे. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या तेथील एका कार्यालयीन इमारतीचे दोन अर्धे भाग जाणीवपूर्वक सारखे ठेवले गेले : तेच काम, तेवढ्याच खिडक्या, तशाच भिंती. एका भागात उत्तम दर्जाचे नेहमीचे हवेवर चालणारे वातानुकूलन बसवले, तर दुसऱ्या भागात छताच्या स्लॅबमध्ये नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरवले आणि श्वासापुरती ताजी, कोरडी केलेली हवा वेगळी सोडली. पाणी त्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ३,००० पटींहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे मोठमोठ्या पंख्यांनी हवा ढकलण्याऐवजी लहान पंपांनी पाणी फिरवून काम भागते. शिवाय पाणी फार थंड करण्याची गरज नसल्याने शीतयंत्रावरचा भारही हलका होतो. सलग दोन वर्षांच्या मोजणीत पाण्याच्या पद्धतीच्या भागाने थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश कमी वीज घेतली, आणि उभारणीचा खर्च दोन्हींकडे जवळपास सारखाच आला. एकाच छताखाली, एकाच हवामानात दोन पद्धती शेजारीशेजारी तोलून पाहण्याची ही हिंमत विरळा आहे, आणि तिच्यामुळे मिळालेला पुरावा कोणत्याही उत्पादकाच्या माहितीपत्रकापेक्षा मोलाचा ठरतो. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत मात्र गार स्लॅबवर दव जमू नये म्हणून हवेतील ओलावा काढण्याची व्यवस्था अधिक काटेकोर ठेवावी लागेल.

मागणी कमी झाल्यावर इंधनबदलाचा विचार येतो, आणि इथे परदेशी आराखडे जसेच्या तसे उचलण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. युरोप-अमेरिकेतील बहुतेक योजनांचे सूत्र असते की आवारातले सर्व ज्वलन बंद करून प्रत्येक काम विजेवर न्यावे. जिथे वीज बव्हंशी जलविद्युत, अणुऊर्जा, वारा आणि ऊन यांपासून मिळते तिथे हे सूत्र निर्विवाद आहे. कोळशावर बरीच अवलंबून असलेल्या भारतीय जाळ्यात मात्र ते यंत्रागणिक तपासावे लागते. वसतिगृहाच्या आंघोळीच्या पाण्याचे उदाहरण घेता येईल. ५०० विद्यार्थ्यांना प्रत्येकी २० लिटर, म्हणजे रोज १०,००० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचे असेल, तर सुमारे ३५० युनिट उष्णता लागते. साध्या विजेच्या गिझरने ते केले तर रोज सुमारे २४५ किलो कार्बन डायऑक्साइड दूरच्या वीजकेंद्रात निर्माण होतो. गॅसवरच्या चांगल्या बॉयलरने केले तर सुमारे १०० किलो. म्हणजे बॉयलर काढून गिझर बसवणाऱ्या संकुलाचे उत्सर्जन दुपटीहून अधिक वाढेल, जरी त्याच्या धुरांड्यातून धूर निघणे बंद झालेले असले. उष्णता-पंप हे यंत्र मात्र वातानुकूलन यंत्राच्या उलट दिशेने चालते. ते बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडते, त्यामुळे एक युनिट विजेत तीन युनिट किंवा त्याहून अधिक उष्णता मिळते, आणि तेच काम सुमारे ८० किलोंत होते. छतावरचे सौर जलतापक ते जवळपास शून्यावर आणतात, फक्त पावसाळ्यासाठी आणि ढगाळ दिवसांसाठी आधार लागतो, जो उष्णता-पंपाने द्यावा. शिवाय जाळ्यातील सौर आणि पवन विजेचा वाटा जसजसा वाढेल तसतसा उष्णता-पंपाचा आकडा आपोआप खाली येत राहील, बॉयलरचा येणार नाही.

वेळेचे महत्त्व किती असते हे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या उदाहरणातून स्पष्ट होते. तेथे १९८७ पासून नैसर्गिक वायूवर चालणारे एक केंद्र वीज आणि वाफ दोन्ही पुरवत होते. ते केंद्र २०१५ च्या सुमारास बंद होणार हे ठाऊक असल्याने विद्यापीठाने कितीतरी वर्षे आधी पर्याय तपासायला घेतले आणि तासागणिक नोंदींचा अभ्यास करताना एक विलक्षण गोष्ट लक्षात आली : एकीकडे प्रयोगशाळा आणि संगणक कक्ष थंड करून निघालेली उष्णता शीतमनोऱ्यांतून हवेत सोडली जात होती, आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या इमारती तापवण्यासाठी वायू जाळला जात होता. वाया जाणारी ही उष्णता गोळा करून गरम पाण्याच्या रूपाने फिरवली तर तापवण्याची बहुतांश गरज भागेल, असे गणित निघाले. मग ३५ किलोमीटरच्या आसपास नवे नळ घालून, दीडशेहून अधिक इमारतींची जोडणी वाफेवरून गरम पाण्यावर आणून, सुमारे ४८.५ कोटी डॉलर खर्चाची नवी यंत्रणा २०१५ मध्ये सुरू झाली. या बदलाने आणि सोबत घेतलेल्या सौर विजेने उत्सर्जन सुमारे दोन तृतीयांशाने खाली आले. तेच केंद्र मुदतीआधी दहा वर्षे बंद केले असते तर त्यात गुंतवलेले भांडवल बुडाले असते, आणि मुदत संपल्यावर घाईने तसलेच नवे उभारले असते तर पुढची तीस वर्षे संकुल वायूला बांधले गेले असते. महाराष्ट्रातील एखाद्या महाविद्यालयाला इमारत तापवण्याची गरज नाही हे खरे, पण मोठी रुग्णालये आणि हॉटेले यांना थंडावा आणि गरम पाणी चोवीस तास एकाच वेळी लागते, आणि त्यांच्या गच्चीवरूनही ही उष्णता रोज हवेत जात असते.

त्यामुळे संकुलातील प्रत्येक मोठ्या यंत्राची बसवल्याची तारीख, उरलेले आयुष्य आणि त्याच्या जागी काय बसवायचे याची नोंदवही हा आराखड्याचा कणा म्हणावा लागेल. अशी नोंदवही नसली की शीतयंत्र एप्रिलच्या भर उन्हात बंद पडते, परीक्षा किंवा शस्त्रक्रिया तोंडावर असतात, आणि विक्रेत्याकडे जे तयार असेल ते बसवले जाते. त्या एका आठवड्यातील निर्णय पुढची पंधरा-वीस वर्षे संकुलाच्या माथी राहतो. शीतकांच्या बाबतीत तर कायदेशीर मुदतीही ठरलेल्या आहेत. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या आर-२२ या जुन्या शीतकाचा वापर भारतासारख्या देशांनी २०३० पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे, आणि त्याच्या जागी आलेल्या हायड्रोफ्लुरोकार्बन गटातील शीतकांची कपात भारताने २०२१ मध्ये मान्य केलेल्या किगाली दुरुस्तीनुसार २०३२ पासून सुरू व्हायची आहे. आज विकत घेतलेले यंत्र या मुदतींच्या पलीकडे चालणार असते, हे खरेदीच्या वेळीच ध्यानात घ्यावे लागते.

एवढे झाल्यावर सौर विजेची पाळी येते. एक किलोवॉट क्षमतेच्या पॅनेलांना सुमारे १० चौरस मीटर मोकळे छत लागते आणि महाराष्ट्रात ती दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात. मागणी आधी कमी केलेली असेल तर त्याच छतातून गरजेचा मोठा हिस्सा भागतो. छत अपुरे पडले तर २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांमुळे १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक मागणी असलेल्या ग्राहकाला बाहेरच्या सौर किंवा पवन प्रकल्पाची वीज थेट विकत घेता येते. कोची विमानतळाने २०१५ मध्ये १२ मेगावॉटचे संयंत्र सुरू करून संपूर्ण सौर ऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ असा लौकिक मिळवला, आणि तो योग्यच आहे. फक्त त्या दाव्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. विमानतळ दिवसा जास्तीची वीज जाळ्याला देतो आणि रात्री तितकीच परत घेतो, म्हणजे बरोबरी वर्षाच्या बेरजेत होते, रात्रीच्या प्रत्यक्ष विजेत होत नाही. रात्रीचा भार मोठा असलेल्या वसतिगृहांनी आणि रुग्णालयांनी म्हणूनच पंप, शीतसाठवण आणि वाहनांचे चार्जिंग अशी पुढेमागे करता येणारी कामे दिवसाउजेडी वळवावीत. सौर विजेच्या पर्यावरणीय लाभाची प्रमाणपत्रे संकुलाने दुसऱ्याला विकली असतील, तर ती वीज स्वच्छ असल्याचा दावा मग संकुलाला करता येत नाही, हेही हिशेबात स्पष्ट असावे.

तिसऱ्या वर्गातील उत्सर्जन मोजायला अवघड आणि आटोक्यात आणायला त्याहून अवघड असते, म्हणून बहुतेक आराखडे ते परिशिष्टात ढकलतात. त्यातली एक बाब मात्र पूर्णपणे संकुलाच्या हातात असते, ती म्हणजे नवे बांधकाम. सिमेंटचा मूळ घटक असलेले क्लिंकर एक टन तयार होताना केवळ चुनखडीच्या विघटनातून अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीतील इंधनाचा वेगळाच. त्यामुळे भट्टी कितीही स्वच्छ केली तरी हा भाग टळत नाही. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातील दिल्ली, मद्रास व मुंबईच्या आयआयटी यांनी मिळून विकसित केलेल्या, भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरणाऱ्या सिमेंटने हे उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटते आणि त्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानक २०२३ मध्ये आले आहे. पण त्याआधीचा प्रश्न असा की नवी इमारत खरोखर लागते का. वेळापत्रक बदलून सध्याच्याच वर्गखोल्या दुपारीही वापरता आल्या, तर वाचलेले सिमेंट, पोलाद आणि पुढील पन्नास वर्षांची वीज यांच्या तोडीचा दुसरा उपाय क्वचितच सापडेल. दुसरीकडे झाडे लावून किंवा बाहेरचे कार्बन प्रमाणपत्र विकत घेऊन भरपाई करण्याची पाळी सर्वांत शेवटी, अन्य कोणत्याही मार्गाने न टळणाऱ्या उत्सर्जनापुरतीच यावी.

उद्दिष्ट ठरवताना दरडोई किंवा दर चौरस फुटामागे कपात असे सांगण्याचा मोह टाळलेला बरा, कारण विद्यार्थिसंख्या दुप्पट झाली तर दरडोई आकडा घटूनही एकूण उत्सर्जन वाढलेले असू शकते. तापमानवाढ १.५ अंशांत रोखण्याच्या मार्गाशी जुळणारी कपात म्हणून वर्षाला आधारवर्षाच्या ४.२ टक्के एकूण घट हे प्रमाण आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरले जाते, आणि वार्षिक अंदाजपत्रकाशी ते सहज जोडता येते.

पैशाची तजवीज हा खरा अडसर. हार्वर्ड विद्यापीठाने यासाठी एक फिरता निधी ठेवला : विभागाने ऊर्जाबचतीसाठी त्यातून बिनव्याजी रक्कम घ्यायची, वाचलेल्या वीजबिलातून ती परत करायची आणि तोच पैसा पुढच्या विभागाला मिळायचा. येल विद्यापीठाने २०१७ पासून अडीचशेहून अधिक इमारतींवर टनामागे ४० डॉलर असा अंतर्गत कार्बन आकार लावला, ज्यात सरासरीहून अधिक कपात करणाऱ्या विभागाला परतावा मिळतो आणि मागे राहिलेल्यांकडून तो वसूल होतो. आपल्याकडील अनेक संस्थांत वीजबिल एका लेखाशीर्षातून भरले जाते, यंत्रखरेदी दुसऱ्यातून होते, आणि खरेदी करणाऱ्याला बिल कधी दिसतच नाही. त्यातच निविदेत सर्वांत कमी किंमत देणाऱ्याला काम, हा नियम असल्याने स्वस्त पण वीजखाऊ यंत्र कायदेशीररीत्या जिंकते. ही स्थिती बदलण्यासाठी नियम मोडावे लागत नाहीत, निविदेचा मसुदा बदलावा लागतो : तांत्रिक अटींतच किमान तारांकन, शीतकाचे नाव, गळती-चाचणीचे प्रमाणपत्र आणि पूर्ण तसेच अर्ध्या भारावरील वीजवापर लिहावा, आणि किमतीच्या तुलनेत यंत्राच्या संपूर्ण आयुष्यातील वीजबिल धरावे. कुठल्याही संकुलाचा आराखडा खरा आहे की शोभेचा, हे पाहायचे असेल तर त्याच्या मुखपृष्ठाऐवजी त्या संस्थेने गेल्या वर्षी काढलेली शीतयंत्रांची आणि पंपांची निविदा मागवून वाचावी.